फूल आमचं, भट्टी कुणाची?



होळी जवळ आली की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत पहाटेची झोप मोडते. अंधार असतानाच टोपली घ्यायची, पोरांना शेजारणीच्या भरवशावर सोडायचं आणि मोहाच्या झाडाखाली जायचं. मोहाचं फूल तोडावं लागत नाही. ते पहाटे आपणच टपटप गळतं. वाकून वाकून वेचायचं, ऊन चढायच्या आत घरी आणायचं, अंगणात पसरून वाळवायचं. आपल्या आजीने हेच केलं, आईने हेच केलं, आपणही हेच करतो. ज्यांनी वेचलं आहे त्यांना कंबर काय म्हणते ते ठाऊक आहे. झाडामागे वाघ किंवा अस्वल तर नाही ना, ही धास्तीही ठाऊक आहे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीत शहरात शिकणाऱ्या एका मुलीने मोबाईलवर एक चित्र दाखवलं. युरोपातल्या ऑस्ट्रिया देशातलं एक कुटुंब. नवरा, बायको, सासू-सासरे, पोरं, सगळे मिळून आपल्याच मळ्यातल्या, आपल्याच मातीतल्या जुन्या जातीच्या काळ्या द्राक्षांची लाल वाइन करतात. रासायनिक खत नाही, औषधाची फवारणी नाही, गाईचं शेण वापरतात. लांबून लोक येतात, घर बघतात, बाटली विकत घेतात आणि त्या आजीसोबत फोटो काढतात.

आम्ही सगळ्या कौतुकाने बघत होतो. तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींनी विचारलं, "म्हणजे ते दारूच काढतात ना? मग त्यांच्या घरी पोलीस येत नाहीत का?"

सगळ्या हसल्या. पण हसू ओसरल्यावर कुणालाच उत्तर देता येईना. त्यांच्या फळाची वाइन झाली तर ती परंपरा, आणि आपल्या फुलाची काही झाली तर गुन्हा, असं का? आणि दुसरं, ज्या दारूने आपल्यातल्या कितीतरी जणींचं घर मोडलं, तिच्या बाजूने आपण बोलायचं तरी का? या दोन प्रश्नांपायी आम्ही जुनं खूप काही वाचलं, जाणत्यांना विचारलं. आजचं बोलणं त्याबद्दल आहे.

तिकडे काय झालं

आधी त्या ऑस्ट्रियाचंच बघू. 1784 साली तिथे दुसरा जोसेफ नावाचा सम्राट राज्य करत होता. आपल्याकडे तेव्हा महेश्वरला अहिल्याबाई होळकर कारभार पाहत होत्या आणि आपला चांदा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. त्या वर्षी सम्राटाने हुकूम काढला, की कुणीही शेतकरी आपल्या मळ्यातली वाइन आणि आपल्या घरचं खाणं आपल्याच दारात विकू शकतो. त्यानंतर व्हिएन्ना शहराच्या भोवतालची द्राक्षमळेवाली कुटुंबं नवी वाइन तयार झाली की दारावर हिरवी डहाळी टांगू लागली. डहाळी दिसली की लोकांनी समजायचं, इथे घरची वाइन मिळते. ही रीत आजही आहे.

शेण वापरण्याची गोष्ट पुढची. रुडॉल्फ स्टायनर नावाचा विचारवंत त्याच ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात जन्मला. 1924 साली त्याने शेतकऱ्यांसाठी काही व्याख्यानं दिली. जमीन, जनावर, झाड आणि माणूस हे सगळं मिळून एक जिवंत शेत असतं, असं त्याचं म्हणणं. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचं, मग काढून चिमूटभर पाण्यात खूप वेळ ढवळायचं आणि शेतात शिंपडायचं, अशा रीती त्याने सांगितल्या. याला बायोडायनॅमिक शेती म्हणतात. चंद्राच्या कला आणि ग्रहताऱ्यांचं त्यातलं सगळंच काही शास्त्रज्ञांना पटत नाही. पण विष न फवारता, घरचं शेणखत घालून माती सांभाळायची, हे तर आपल्यालाही पटेल. आपण जीवामृत करतो, दशपर्णी अर्क करतो, त्याच्याच गावची ही वाट.

आता काळी बाजूही सांगतो. 1985 साली त्याच ऑस्ट्रियात मोठा बोभाटा झाला. काही व्यापाऱ्यांनी वाइन गोड आणि दाट लागावी म्हणून तिच्यात डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन मिसळलं होतं. जगभर ऑस्ट्रियाची वाइन परत गेली, विक्री बसली. मग त्या देशाने फार कडक कायदा केला. कुठल्या मळ्यातली द्राक्षं, किती, कोणत्या वर्षीची, सगळं तपासलं जाऊ लागलं. ज्या घरांनी थोडं पण चोख केलं, त्यांचं नाव त्यानंतर वाढलं.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे फळाचा मालक, भट्टीचा मालक आणि दुकानाचा मालक एकच कुटुंब होतं. नफाही त्याच घरात, नाव गेलं तर बेअब्रूही त्याच घराची. आपल्याकडे हे तिघं वेगळे झाले. ते कसे झाले, तेच आता सांगतो.

मोह म्हणजे आधी अन्न

मोह म्हटलं की बाहेरच्यांना दारूच आठवते. आपल्याला माहीत आहे, मोह आधी ताटात आला. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून अधिक साखर असते. पीठ मळताना घालून भाकर करतात, तीळ घालून कुटून लाडू करतात, नुसतं भाजून पोरांच्या हातावर ठेवतात. बैल दमला तर त्यालाही मूठभर देतात. फुलानंतर फळ येतं, त्याच्या बीला आपण टोळ म्हणतो. टोळीचं तेल निघतं. ते दिव्याला, अंगाला आणि पुष्कळ घरांत फोडणीलाही चालतं. उरलेली ढेप शेतात टाकतात.

छप्पनचा दुष्काळ आपल्या पणजीच्या तोंडी होता. म्हणजे संवत 1956, इंग्रजी 1899-1900 साल. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, 1896-97 मध्ये, आणखी एक मोठा दुष्काळ पडून गेला होता. धान संपलं, कोठार रिकामं झालं, तेव्हा मध्य प्रांतातल्या जंगलकाठच्या माणसांना मोहाने आणि कंदमुळांनी तारलं. म्हणून जुनी माणसं शेतातलं मोहाचं झाड तोडू देत नसत. वाटणीत जमिनीसारखंच झाडही वाटून घेत. हे झाड थोरल्याचं, ते धाकट्याचं.

दारूही होतीच, ते लपवायचं कारण नाही. गोंड, माडिया, परधान घरांत देवाला, पितरांना मोहाची धार दिल्याशिवाय पूजा पुरी होत नाही. जन्म, लग्न, मरण, पंचायत, सगळीकडे ती होती. पण ती घरात, सणापुरती, घरच्या मडक्यातली. रोज विकत आणायची वस्तू ती नव्हती.

इथे एक फरक सांगायला हवा. द्राक्षाची वाइन नुसती आंबवतात. फळाच्या सालीवरचं खमीरच रसातली साखर खातं. लाल वाइनचा रंगही त्या काळ्या सालीतूनच उतरतो. मोहाची दारू आंबवून वर गाळतात, वाफ धरून थेंब थेंब काढतात. म्हणून ती वाइनपेक्षा कितीतरी कडक असते. वाइन झाली तरी नशा आहेच आणि तिचा त्रास शरीराला होतोच. पण गाळलेली दारू माणसाला लवकर पाडते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

फूल सरकारजमा झालं

नागपूरचे तिसरे रघूजी भोसले 1853 साली वारले, पुढच्याच वर्षी त्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. त्यात आपला चांदाही गेला. 1861 साली मध्य प्रांत तयार झाला आणि चांदा त्याचा जिल्हा झाला. गडचिरोली तेव्हा चांद्यातच होती. वेगळा जिल्हा ती व्हायची होती 26 ऑगस्ट 1982 ला.

इंग्रजांना दारू बंद करायची नव्हती. त्यांना दारूवर कर हवा होता. दारूचं उत्पन्न म्हणजे अबकारी. घरोघरच्या मडक्यांवर कर कसा बसवणार? म्हणून घरची भट्टी गुन्हा ठरली आणि भट्टीचा हक्क लिलावात निघाला. जो ठेकेदार जास्त बोली लावेल, त्याला त्या भागात दारू गाळायचा आणि विकायचा मक्ता. कुठे ठेकेदाराची गावाजवळची भट्टी, कुठे सरकारच्या देखरेखीखालची मोठी भट्टी, अशा दोन तऱ्हा होत्या. 1915 मध्ये मध्य प्रांताचा स्वतःचा अबकारी कायदा झाला. ठेकेदाराने लिलावात पैसा ओतलेला असे. तो वसूल करायचा तर लोकांनी रोज प्यायला हवं. उधारी सुरू झाली, उधारीपायी मजुरी गेली, धान गेलं, जमीन गेली. सणाची दारू रोजची झाली ती अशी.

मुंबई इलाख्यात याच्याही पुढे गेले. तिथे 1892 साली खास मोहफुलासाठीच कायदा केला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफूल वेचून घरात ठेवणं, विकणं यावरच बंधनं आली. घरात फूल असलं तर बाई दारू काढेल, म्हणून फुलालाच बेड्या. खाण्यासाठी ठेवलंय की गाळण्यासाठी, हे कोण बघणार?

आणि मग जंगलाचा कायदा. 1927 चा भारतीय वन कायदा आजही चालू आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात वनउपज कशाला म्हणायचं याची यादी आहे. त्यात लाकूड, कोळसा, लाख यांच्यासोबत मोहफूल आणि मोहाची बीही नाव घेऊन लिहिली आहे. आणि पुढे म्हटलं आहे, की या वस्तू जंगलात मिळाल्या असोत वा नसोत, त्या वनउपजच. म्हणजे ज्या झाडाला आपल्या आजेसासऱ्याने बांधावर राखलं, त्याचं फूलही कागदावर वनउपज झालं.

पुढे स्वातंत्र्य आलं. विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, मग महाराष्ट्र झाला. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आपल्याकडेही आला. त्यातही मोहफुलाचं प्रकरण होतंच. ठरल्यापेक्षा जास्त फूल बाळगायला, न्यायला, विकायला परवाना लागे. नाव दारूबंदीचं, पण परवाना असलेली दुकानं चालू, आणि फूल घेऊन बाजाराला निघालेली बाई मात्र नाक्यावर अडवली जायची. मग काय व्हायचं? परवाना व्यापाऱ्याकडे. तो होळीला, हातात पैसा नसताना, सांगेल त्या भावात गावातून फूल उचलायचा. पावसाळ्यात, भाव चढल्यावर, तेच फूल विकायचा. आपणही कधी कधी तेच फूल त्याच्याकडून परत विकत घेतलं आहे, देवाच्या कामाला.

बाया उठल्या

दारूविरुद्ध लढणं आपल्याला बाहेरच्यांनी शिकवलं, असा एक समज आहे. तो खरा नाही. 1922 साली पालघरकडच्या समुद्रकाठावरून एक लाट उठली आणि सुरत, डांग, बागलाण या भागांतल्या आदिवासी गावांत पोचली. देवीने सांगितलं आहे, दारू सोडा, ताडी सोडा, असं म्हणत गावंच्या गावं दारू टाकू लागली. दारूचे मक्तेदार आणि सावकार हादरले. कुठलाही पुढारी भाषण करायला गेलेला नव्हता. लोकांनी आपलं आपण ओळखलं होतं, की आपली जमीन दारूच्या दुकानातून जाते आहे.

आपल्या भागात 1936 पासून गांधीजी सेवाग्रामला राहू लागले. 1938 साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने दारूबंदीचा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या 47 व्या कलमात लिहिलं गेलं, की सरकारने दारूबंदीसाठी प्रयत्न करावा. पण कागद आणि गाव यांत अंतर फार.

ते अंतर बायांनी चालून कापलं. गडचिरोलीत 1986 साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. ते आले होते आजारांवर काम करायला. बाया सांगू लागल्या, डॉक्टर, आमचा मोठा आजार दारू आहे. 1980 च्या दशकाच्या शेवटी गावागावांत सभा झाल्या, ठराव झाले, मोर्चे निघाले. शेवटी 1993 मध्ये सरकारने गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी केली.

त्याच काळात धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव आपला कारभार सगळ्यांच्या सहमतीने करू लागलं होतं. एकाचाही विरोध असला तर निर्णय पुढे ढकलायचा, पण मत मोजून कुणाला हरवायचं नाही. तिथेही दारू आवरण्याचा विषय बायांनीच पुढे आणला आणि गावाने तो सहमतीने मान्य केला. याच मेंढ्याला 2009 साली वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. दारू आवरलेल्या गावाला एकत्र बसायची सवय लागली होती, म्हणून जंगल सांभाळायचंही जमलं, असं आम्हाला वाटतं.

चंद्रपूरची गोष्ट त्यानंतरची. 2010 साली पारोमिता गोस्वामी आणि श्रमिक एल्गार यांच्यासोबत हजारो बाया चिमूरहून पायी निघाल्या. नागपूरला विधानसभेचं हिवाळी अधिवेशन चालू होतं, तिथे जाऊन त्यांनी दारूबंदी मागितली. थंडीचे दिवस, पायांना फोड, सोबत लेकरं. आमच्यातल्या दोघी त्या वाटेने चालल्या आहेत. अजून त्या दिवसांचं बोलणं निघालं की त्या आपले पाय दाखवतात. 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

आणि 2021 च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदीच्या काळात चोरटी दारू वाढली, गुन्हे वाढले, असं कारण सरकारने दिलं. चोरटी दारू वाढली होती, हे आपणही बघितलं. पण ती पकडायचं काम कुणाचं होतं, हा प्रश्न बायांनी तेव्हाही विचारला होता.

एका वर्षात दोन गोष्टी

त्याच 2021 साली आणखी एक बदल झाला, त्याची चर्चा कमी झाली. राज्य सरकारने मोहफूल वेचणं, साठवणं आणि नेणं यांवरची बंधनं काढली. म्हणजे आपल्या आजीला नाक्यावर जी भीती होती ती कायद्याने गेली. पुढे 2022 मध्ये मंत्रिमंडळाने आणखी एक निर्णय घेतला. मोहफुलं, काजूबोंडं यांपासून केलेलं मद्य 'देशी' न मानता 'विदेशी मद्य' या वर्गात घ्यायचं, म्हणजे त्याला भाव येईल. आमच्या आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमच्या बांधावरचं झाड परदेशी कधी झालं?"

पण हसून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. नाशिकच्या द्राक्षांसाठी 2001 सालीच राज्याने धोरण केलं, वाइनला अबकारीत सूट दिली. त्यातून कारखाने उभे राहिले. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्या मध्य प्रदेशाने अलीकडे आलिराजपूर आणि दिंडोरीकडे आदिवासी बचतगटांना मोहाची दारू कायदेशीर काढायला दिली. आता आपल्याकडेही कुणीतरी येईल. गाडी घेऊन येईल, छान बोलेल, म्हणेल तुमच्या मोहाला जगात नाव देतो. तेव्हा आपण काय म्हणायचं?

यावर आमच्या गटात एकमत नाही, ते तुम्हाला खरं सांगतो.

काही जणी म्हणतात, दारू म्हणजे दारू, बाटलीवर सोन्याचा कागद लावला म्हणून काय झालं. ज्यांनी मार खाल्ला आहे त्यांच्यासमोर या गोष्टी करू नका. आमच्या एका मैत्रिणीचा नवरा चाळिशीत गेला, लिव्हर संपलं होतं. तिच्यापुढे ऑस्ट्रियाचं चित्र धरायची आमची हिंमत होत नाही.

दुसऱ्या म्हणतात, नवरा गेल्यावर दोन लेकरं हातभट्टीवरच वाढवली. लपून, घाबरून, पोलिसांनी सडवा ओतून दिला की रडत. मला दुसरं काय येत होतं? काम दिलं असतं तर केलं असतं. आज कंपनीला परवाना मिळतो आणि मला गुन्हा लागला होता.

आम्हाला दोघींचंही खरं वाटतं. दोघींना तोडणारी गोष्ट दारू आहे, पण दोघींकडून हिसकलेली गोष्ट एकच आहे, फुलावरचा निर्णय. एकीच्या दारात दुकान आलं तेव्हा तिला कुणी विचारलं नाही. दुसरीचं फूल गेलं तेव्हा तिलाही कुणी विचारलं नाही. ऑस्ट्रियातल्या त्या कुटुंबाकडून शिकायचं असेल तर वाइन करणं शिकायचं नाही. आपल्या फळाचं काय करायचं हे ते घर स्वतः ठरवतं, तेवढं शिकायचं.

एका कलमातले दोन हक्क

आणि हे ठरवायचा हक्क आपल्याकडे आज कायद्याने आहे. 1996 चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू आहे. म्हणजे गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपुरातली राजुरा-जिवतीकडची काही गावं. महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 मध्ये केले. या कायद्याच्या चौथ्या कलमात ग्रामसभेचे अधिकार लिहिले आहेत. त्यात पहिला, नशेच्या पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांची विक्री आणि सेवन आवरण्याचा. आणि लगेच त्याच्या खाली दुसरा, गौण वनउपजाच्या मालकीचा. म्हणजे मोहफूल, टोळ, तेंदू, हिरडा. हे दोन्ही अधिकार एकाच जागी लिहिले आहेत, आणि आपण मात्र ते वेगवेगळ्या बैठकांत बोलतो. दारूचा विषय बायांचा, वनउपजाचा विषय पुरुषांचा. असं का?

पेसा नसलेल्या गावांनाही वाट आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपज गोळा करून विकण्याचा हक्क वनहक्कधारकांना दिला आहे. आणि दुकान बंद करायचं असेल तर मतदानाची सोय आहे. आडवी बाटली, उभी बाटली हे तुम्ही ऐकलंच असेल. आडव्या बाटलीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद.

फूल विकायचं तर एकटीने विकू नका. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभा एकत्र आल्या, महाग्रामसभा केली आणि तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः केला. मोहाचंही तसं करता येतं. नीट वाळवलेलं फूल कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतं. ते पावसाळ्यापर्यंत धरून ठेवायला गटाने थोडी उचल दिली, तर होळीच्या भावात घालवावं लागत नाही. झाडाखाली पाला जाळू नका. जाळी बांधली तर फूल स्वच्छ मिळतं आणि वणवाही लागत नाही. लाडू, तेल, पीठ यांचंही गिऱ्हाईक आहे. आपलं झाड कधी फवारलेलं नाही, त्याला कधी रासायनिक खत घातलेलं नाही. ऑस्ट्रियातली माणसं ज्यासाठी एवढी खटपट करतात, ते आपल्या जंगलात आपोआप आहे.

होळीच्या आधीच्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. आपल्या गावातून किती फूल जातं? ते कोण घेतं, कोणत्या भावाने? आणि त्यातलं किती दारू होऊन आपल्याच घरात परत येतं? तिसऱ्या प्रश्नाला पुरुष मंडळी गप्प बसतील. बसू द्या. थांबा, पण प्रश्न मागे घेऊ नका.

आमच्या आजींनी पुढच्या बैठकीत सांगायचं कबूल केलं आहे, की त्यांच्या आईच्या वेळी देवाला किती मोह लागायचा. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एक ओंजळ. तुमच्या गावी किती लागायचा, ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारून आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.